दोन भावांच्या दोन गाड्या

आन्सेल्मने धाकट्या भावाच्या गाडीत कधीच पाय ठेवला नव्हता. त्याच्याकडे वडिलांची काळी ट्रॅक्शन गाडी होती, अडतीस सालची. युद्धात जर्मन आले तेव्हा वडिलांनी ती गवताच्या गंजीखाली लपवून वाचवली होती. धाकट्या लेओंसकडे डीएस, सदुसष्ट सालची, सुरू केली की तेलाच्या दाबाने आधी वर उचलली जाणारी आणि वळणावर चाकांबरोबर दिवेही वळवणारी. मोर्वांच्या डोंगरातल्या त्या गावात दर रविवारी प्रार्थनेनंतर दोन्ही गाड्या कॅफेसमोर शेजारी शेजारी लागत आणि भांडण जुंपे.

"तुझा बेडूक आधी फुगतो, मग चालतो," आन्सेल्म म्हणे. "गाडीत बसल्यावर खालचा रस्ता कळला पाहिजे."

"तुझ्या गाडीत कळतो ना, म्हणून तर कंबर गेली तुझी! स्टिअरिंग फिरवायला बैलजोडी लागते."

"बैल बरे. तेल गळालं म्हणून पोट टेकून बसत नाहीत."

बायको गेल्यावर आन्सेल्मचं विसरणं वाढलं. आधी माणसांची नावं गेली, मग रस्ते. एका हिवाळ्यात तो पाव आणायला म्हणून ट्रॅक्शन घेऊन निघाला, तो संध्याकाळी पार दुसऱ्या खोऱ्यात, ओढ्याकाठी इंजिन चालू ठेवून बसलेला सापडला. डॉक्टरांनी नेव्हेर शहरातला वृद्धाश्रम सुचवला.

न्यायच्या दिवशी लेओंसने मुद्दाम ट्रॅक्शनच काढायची ठरवली, पण गारठ्याने ती सुरूच होईना. नाइलाजाने त्याने डीएस दाराशी आणली. आता शिव्या खाव्या लागणार, अशी त्याने मनाची तयारी केली होती. आन्सेल्म मात्र निमूटपणे आत बसला.

वाटेत त्याने सीटवरून हात फिरवला. "काय छान गाडी आहे हो तुमची! खड्डा म्हणून लागत नाही. माझ्या भावाकडे अश्शीच आहे. मी नावं ठेवतो तिला, पण खरं सांगू? आमच्या जुनीपेक्षा चांगली आहे. त्याला मात्र सांगू नका हं, डोक्यावर चढून बसेल."

"नाही सांगणार," लेओंस म्हणाला. पुढच्या वळणावर त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली. जन्मभर हे एवढं ऐकण्यासाठी तो भांडला होता, आणि आज ते ऐकवणाऱ्याला शेजारी कोण बसलंय हेच ठाऊक नव्हतं.

पुढे तो दर आठवड्याला भेटायला जाई. "तुझी ट्रॅक्शन म्हणजे निव्वळ छकडा," त्याने एकदा खोडी काढून पाहिली. आन्सेल्मने मान डोलावली. मग लेओंस भावाच्याच बाजूने बोलू लागला. ट्रॅक्शन हीच खरी गाडी, कुठलाही गावचा लोहार ती दुरुस्त करील, वडिलांनी उगाच जीव धोक्यात घातला नव्हता. आन्सेल्मने त्यालाही मान डोलावली.

"तुम्ही म्हणता म्हणजे बरोबरच असणार."

वसंतात आन्सेल्म झोपेतच गेला. लेओंसने दोन्ही गाड्या एकाच गोठ्यात लावल्या आणि रविवारी चर्चला पायी जाऊ लागला. कॅफेवाल्या बाईने कारण विचारलं, तेव्हा म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, चालत जा."