पुरावा मागणारा नवरा

२०१९चे गणपती झाले आणि आमच्या रियाच्या लिव्हरवर चरबी निघाली. नऊ वर्षांची पोर! तिचा आजोबा मिठागरात राबायचा, त्याला साठीपर्यंत डॉक्टर माहीत नव्हता. डॉक्टर म्हणाले, "पाकिटातलं खाणं बंद करा." त्यावर माझा नवरा परेश विचारतो, "त्यानेच झालं, याला पुरावा काय?"

विचारणारच. पनवेल-उरणभर त्याच पाकिटांची एजन्सी आहे त्याची. वेफर्स, नूडल्स, रंगीत सरबतं. घरात खोकी रचलेली, आणि रोज संध्याकाळी रियाला एक पाकीट, हा बापाचा लाड.

डॉक्टर प्रामाणिक माणूस. म्हणाले, "शंभर टक्के सिद्ध झालेलं नाही. बरेचसे अभ्यास नुसता संबंध दाखवतात. पण सगळ्यांचं बोट एकाच दिशेला आहे. यंदा एक छोटा प्रयोगही झाला. असं खाणं समोर असलं की माणसं जास्त खातात, वजन वाढतं."

परेशने त्यातलं एवढंच उचललं, सिद्ध झालेलं नाही. घरी येईपर्यंत तेच पालुपद. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण पोरीसमोर गप्प बसले.

रविवारी मासळी बाजारात गेलो. वेणूमावशी आमची नेहमीची कोळीण. ताजं आहे का बघायला परेशने सवयीप्रमाणे पापलेटाचा कल्ला उचलला, आत बघितलं, वास घेतला आणि पापलेट परत टोपलीत टाकलं.

"अरं दादा, काय झालाय त्याला? सकालीच मोऱ्याचे बंदरावरशी आनलाय!"

"लाल नाही वाटत. शंका आली की सोडायचं, मावशी. पोरीच्या पोटात जायचंय."

मग मात्र मी भर बाजारात पेटले.

"हिच्याकडे का नाही मागितलास पुरावा? आधी कोणीतरी आजारी पडून दाखवा, असं का नाही म्हणालास? मासळीला नुसती शंका पुरते, आणि तुझ्या पाकिटांसाठी माझ्या पोरीचं लिव्हर सडायला हवं?"

आजूबाजूच्या बाया बघायला लागल्या. परेशने रिकामी पिशवी उचलली आणि बाजाराबाहेर चालू लागला.

संध्याकाळी रियाने नेहमीसारखा हात पसरला. "पप्पा, माझं पाकीट?"

त्याने खोक्यातून एक काढलं. काढलं आणि तसाच उभा राहिला. पाकीट उलटंसुलटं करत माझ्याकडे बघायला लागला.

"दे की," मी म्हटलं. "पण आधी कल्ला उचलून दाखव."