राजाचा पार्ट अना तिरपी रेघ

बस गा, असा इकडं सरकून बस. चहा उकळून राहिला, तवरक तुले कामठ्याच्या नीतूची गोष्ट सांगतो. आयकशील तर पोट धरून हासशील.

नीतू मंजे आपल्या बिसरामची सून. गोंदियाले कॉम्प्युटर शिकली, आता घरूनच कंपनीचं काम करते. अना बिसराम मंजे आपल्या मंडईच्या जत्रेत दंडारीचं जे नाटक होते ना, त्यातला राजा. त्याच्याबिगर दुसरा राजा गावानं पाह्यलाच नाई. पन यंदा बुढ्याची नजर मंद झाली, अना नाटक लिहनारा मास्तर परसराम रोज मोबाईलवर ते बदलवे अना सगळ्यायले धाडे. सगळ्यायचे संवाद एकात एक. बिसरामले आपले सापडतच नोहोते. तालमीत राजाच प्रधानाचं बोलून जाय!

शेवटी परसराम मनला, "बिसरामभाऊ, आज सांजच्या तालमीत पार्ट जमला तर ठीक. नाई तर मुकुट देवानंदच्या डोक्यावर."

देवानंद मंजे प्रधान. त्यानं तिथंच मिशीले पीळ देल्ला.

बुढा घरी आला अना ताटावरून तसाच उठला. नीतू मनली, "मामाजी, तोंड कायले पाडता? मी एक बटन बनवून देते. दाबलं का तुमचेच संवाद कागदावर छापून निघतीन, मोठ्या अक्षरात. मास्तर मंग कितीक डाव बदलवो."

ते बटन मंजे काय, तर ती कॉम्प्युटरवर ज्या विम नावाच्या एडिटरात लिहे, त्याच्याच भाषेत त्याले हुकूम लिहून देयाचा. हुकूम झाला लांबलचक. एका ओळीत मावेना. तवा तिनं तो तोडला, अना दर ओळीच्या शेवटाले एक तिरपी रेघ मारली. मंजे, थांब बाबा, अजून बाकी आहे. कंपनीच्या कामातल्या दुसऱ्या भाषांत ती तसंच करे. बटन दाबलं. एडिटर मने, ही दुसरी ओळ कोनती, मले समजत नाई. तिसरी बी नाई.

तिनं पुसलं, पुन्हा लिहलं. तेच. तवरक त्यायच्याच आंगनात तालमीची मंडळी जमली, ढोलकी घुमाले लागली. देवानंद दारातून वरडला, "वहिनी, ते बटन माह्या सदऱ्याले लावून द्या! मुकुटासंग शोभंल!"

नीतूनं दात खाऊन एडिटरचं मदतीचं पान उघडलं. तिथं लिहलं होतं, रेघ ओळीच्या शेवटाले नाई, पुढच्या ओळीच्या सुरवातीले पाह्यजे.

"हे असं उलटं काऊन?" मनत ती तरतरा बाहेर आली.

बाहेर तालीम चालू. राजा पुढं गेला, त्याच्या मांगून देवानंद मुकाट्यानं आत शिरला. बिसराम गरजला, "कोन गा तू? कोनासंग आला?"

"तुमचाच प्रधान नव्हं का!"

"मंग तोंडानं सांग ना! मी का पुढं चालता चालता मान मोडून मांगं पाहू? जो मांगून येते, त्यानं आल्याबरोबर सांगाचं, मी याच्यासंगचा!"

नीतू चौकटीले धरून हासतच सुटली. "अवो माय! हा एडिटर बी दंडारीतलाच निघाला!"

पदर खोचून ती आत पराली. ओळींच्या शेपट्या कापल्या, अना मांगून येनाऱ्या दर ओळीच्या कपाळाले ती रेघ लावली. मंजे, मी नवी नोहो, वरच्या ओळीसंगची आहो. बटन दाबलं. अना काय सांगू, राजाचे सारे संवाद जोंधळ्याच्या दान्यावानी टपोऱ्या अक्षरात निघाले!

परसराम बी काही सुधा-सरळ गडी नाई. त्यानं उभ्या उभ्या आनखीन दोन वाक्यं बदलवली. नीतूनं पुन्हा बटन दाबलं. बदललेलं बी आलं.

बिसरामनं कागद हात लांब करून धरला अना असा आवाज काढला, का कोंबड्या उडून धाब्यावर बसल्या. परसरामनं सोताच मुकुट त्याच्या डोक्यावर ठेवला.

देवानंद आला नीतूजवळ, डोकं खाजवत. "वहिनी, प्रधानाचं बी एक बटन होईन का?"

"पहिले मिशी खाली करा, भाऊजी!"

सारं आंगन हासलं. बुढा त्या राती दोन ताटं जेवला.

आता मंडई आली गा तोंडावर. तू ये, पुढंच बस. पन माहं एक आयक. राजाचे संवाद लय लांब आहेत, तो मधातच दम घेते. तवा टाळ्या नोको वाजवू. जरा थांबजो बाबा, त्याचं बोलनं बाकी राह्यते.