फुकटचं शिक्षण

माझ्या बाबांचा एक लाडका शब्द आहे, फुकट. मी ऑनलाइन कम्प्युटर सायन्स शिकायला लागले तेव्हापासून येणाऱ्याजाणाऱ्याच्या कानावर ते तो घालतात. "आमच्या शर्वरीला एक रुपया नाही लागला, कसम से. पूर्ण कोर्स फुकट!" फुकट ते पौष्टिक, हे आमच्या घराचं ब्रीदवाक्यच म्हणा.

मी बी.ए. झालेली. इंदूरच्या पलासियातल्या एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते, पेशंटना टोकन देते. उरल्यासुरल्या वेळात शिकले, आणि खोटं कशाला बोलू, त्या शिकण्यावर माझा जीव जडला. प्रोग्रॅमर व्हायचं आणि त्या टोकनांतून सुटायचं, एवढंच मला हवं होतं. रेझ्युमेत बी.ए.च्याही वर तो अभ्यास लिहिला आणि इंदूरभर पाठवला. कोणी साधं उत्तर दिलं नाही. शेवटी बाबांनी त्यांच्या मित्राला, दत्तोपंतांना गळ घातली, तेव्हा त्यांच्या मुलाच्या विजय नगरमधल्या कंपनीतून बोलावणं आलं. मला आलेलं ते पहिलंच.

त्या मुलानं, नीरजनं, रेझ्युमेवर बोट ठेवलं. "हे कॉलेज कुठलं?"

"कॉलेज नाही. घरी शिकले, ऑनलाइन."

"एक्झाम?"

"नव्हती. तुम्ही घ्या."

आगाऊपणा झाला खरा. पण त्यानं खरंच विचारलं. एका पत्त्यावर पुढचा पत्ता मिळतोय, तिथे त्याच्या पुढचा. तर आपण गोल गोल फिरतोय हे कसं ओळखाल?

"दोघांना सोडायचं," मी म्हणाले. "एक हळू, एक दुप्पट वेगानं. वाट गोल असेल तर पळणारा चालणाऱ्याला मागून येऊन गाठतोच."

त्यानं आणखी बरंच विचारलं. एकदाही अडले नाही. मला वाटलं, मिळाली नोकरी.

"आन्सर तर सगळे सही आहेत, शर्वरीजी," तो म्हणाला. "पण देखो, सिस्टममध्ये कम्प्युटरच्या डिग्रीचा कॉलम आहे. तो कोरा असला की नाव पुढे जातच नाही. दुसरीकडेपण हेच आहे, झूठी उमेद नाही देणार. पप्पा म्हणाले, दिवाकरकाकांची मुलगी आहे, बोलावून घे, म्हणून..." मग आवाज मऊ करून म्हणाला, "एक काम करा. हे एज्युकेशनमधून काढून हॉबीजमध्ये टाका. चांगलं दिसेल."

म्हणजे भरतकाम, बागकाम, कम्प्युटर सायन्स. त्याचा राग आला असता तर बरं झालं असतं, पण माणूस चांगला होता. चहासुद्धा पाजला त्यानं.

सिटी बसमध्ये तोंड खिडकीकडे करून रडले. उद्या पुन्हा टोकन, परवाही टोकन. आता वाट बघण्यासारखंही काही उरलं नव्हतं.

घरी आले तर बाबा फोनवर, मानपूरच्या लीलाआत्याशी बोलत होते. तिचा मुलगा नचिकेत बारावी झालाय.

"आलीस? बरं झालं," बाबा म्हणाले. "नचिकेत म्हणतोय, कॉलेजला नाही जाणार, शर्वरीताईसारखं घरीच शिकणार. आत्या विचारतेय, खरंच सगळं फुकट?"

मी दारातच उभी होते. चपलाही काढल्या नव्हत्या.

"हो बाबा," मी म्हणाले. "सगळं फुकट."

बाबांचा चेहरा खुलला. "ऐकलंस ना, लीला?" ते फोनमध्ये म्हणाले. "तीपण तेच सांगतेय!"