उजवीकडचा आठवडा

शनिवारी सकाळी साडेआठला पार्लरचं शटर अर्धंच वर केलेलं असायचं, कारण तो अर्धा तास गिऱ्हाइकांचा नव्हता. त्या अर्ध्या तासात आई स्वतः खुर्चीत बसायची आणि लेक तिचे केस करायची. चौतीस वर्षं लोकांची डोकी सावरणाऱ्या आईचा खांदा सहा वर्षांपूर्वी असा आखडला, की हात कानाच्या वर जाईना. खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाचे केस कापता यायचे, स्वतःचे मात्र करता यायचे नाहीत. तेव्हापासूनची ही रीत.

"आलीस? आज तरी घोड्यावरून उतरणार आहेस, की बसूनच करणार?" आईने आरशातून विचारलं.

"अकराच्या आत मुद्रितं पोचवायची आहेत," लेक म्हणाली आणि कागदांचा गठ्ठा पिशवीतून काढून आरशापुढे दिसेल असा ठेवला. ती पुस्तकांची मुद्रितं तपासायची. गठ्ठा खरं तर सोमवारी द्यायचा होता. पण शनिवारी येताना हातात काहीतरी घाई असलेली तिला बरी वाटायची. नुसतं आईकडे जावंसं वाटलं म्हणून आले, असं म्हणायची त्या घरात कुणाला सवय नव्हती.

मायलेकींचे केस एकाच वाणाचे. बारीक, मऊ, चिमटीत धरले तरी धरल्यासारखे न वाटणारे. "आपल्या घराण्यात देवाने रेशीम दिलं," आई म्हणायची, "फक्त देताना हात फार आखडता घेतला." अशा केसांशी वागायची तिची शिस्त होती. क्रीम लावायचं ते टोकांना, मुळांना बोट लागता कामा नये. नाहीतर मांजराने चाटल्यासारखं डोकं दिसतं. वाळवताना मान खाली घालायची, म्हणजे मुळं उभी राहतात. आणि भांग एका जागी फार दिवस ठेवायचा नाही. रोजची पायवाट झाली की तिथलं गवत मरतं, तसंच ते. म्हणून एक आठवडा डावीकडे, एक आठवडा उजवीकडे.

तो आठवडा उजवीकडचा होता. लेकीने कंगव्याच्या शेपटीने भांग पाडला, टाळूवरची एक बट उचलून मुळाशी दोनदा उलटा कंगवा फिरवला आणि वरचे केस त्यावर हलकेच ओढून घेतले.

"हळू. केस आहेत, काथ्या नव्हे. आणि मागचं राहिलं."

"मागचं कोण बघतंय?"

"समोरून बघणारे तोंडावर गोड बोलतात बाई. पारख मागून होते."

लेकीने मागचं केलं. आई आरशातून तिच्याकडे बघत म्हणाली, "भिंगरीला सांगून ठेवलंय मी. पुढच्या शनिवारपासून ती करेल माझे केस. किती दिवस तुझी फरफट करायची?"

भिंगरी म्हणजे पार्लरमधली मदतनीस. पन्नाशी उलटली तरी पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून आईनेच हे नाव ठेवलेलं.

लेकीचा हात थांबला. सांगायचं होतं ते जिभेवर आलं होतं. इतरांनी लिहिलेली अशी वाक्यं तिने हजारो पानांतून सरळ केली होती. स्वतःचं मात्र जिभेवरच राहिलं.

"बरं," ती म्हणाली. "तेवढाच माझा शनिवार मोकळा."

"मग. सुटलीस," आई म्हणाली आणि हसली.

सहा वर्षं लेक कुरकुरत आली होती, आणि सहा वर्षांत एकही शनिवार तिने चुकवला नव्हता. आईने त्यातली कुरकुर तेवढी खरी धरली. धरणारच. दुसरं तिला सांगितलं कुणी होतं?

मंगळवारी दुपारी आई एका बाईचे केस कापून झाल्यावर शेजारच्या खुर्चीत टेकली, ती उठली नाही. भिंगरीला वाटलं, डोळा लागला. तिने ड्रायर बंद केला, त्या बाईला "हळू बोला" अशी खूण केली, आणि दोघी जणी वीसेक मिनिटं कुजबुजत बसल्या. त्या वीस मिनिटांचं भिंगरी पुढे सगळ्यांना सांगत होती. कुणीही न विचारता.

बुधवारी सकाळी दवाखान्याच्या मागच्या अंगाच्या खोलीत आईला ठेवलं होतं. अकरा वाजता लोक शेवटचं बघायला येणार होते. लेक सह्या करून आत आली तेव्हा मावशी आणि भिंगरी आईच्या उशाशी उभ्या राहून वाद घालत होत्या.

"डावीकडेच भांग पाडायची ती. माझी सख्खी बहीण आहे, मला ठाऊक नाही?" मावशी म्हणाली. "हा फोटो बघ."

"फोटोचं काय सांगता? मी रोज समोर उभी असायचे. काल दुपारीसुद्धा ताईंचा भांग उजवीकडेच होता."

"दोघींचंही बरोबर आहे," लेक म्हणाली आणि पुढे झाली. मग तिला आईचे केस दिसले. ते कवटीला चिकटून बसले होते. ओले, तुकतुकीत, मधून टाळू दिसणारे. आई कुणी वेगळीच, फार म्हातारी बाई वाटत होती.

"काय लावलंत?"

भिंगरीने टेबलावरचा डबा दाखवला. "सगळ्यात भारी क्रीम. ताई गिऱ्हाइकाला सुद्धा बोटाच्या टोकावर घेऊन लावायच्या. म्हटलं, आज तरी त्यांना कमी पडू नये. मुळापासून चोळलं." लेकीच्या चेहऱ्याकडे बघून तिचा आवाज उतरला. "वीस वर्षं रोज ऐकत आले, मुळांना नको, मुळांना नको. आणि आजच हात ऐकेना. वाटोळं केलं ना मी?"

"नाही काकू. धुतलं की निघेल. कोमट पाणी मिळतंय का बघा."

तिने बाह्या वर केल्या. शाम्पू दोनदा लावावा लागला. भिंगरी तांब्याने पाणी घालत होती, खाली पातेलं धरत होती, आणि पहिल्यांदाच एका जागी उभी होती. टॉवेलने चोळायचं नाही, नुसतं टिपायचं. तेवढं झालं, पण वाळवायचं कसं? मान खाली घालता येत नव्हती. लेक ड्रायर हातात धरून क्षणभर तशीच उभी राहिली.

तेव्हा मावशी पुढे आली. तिने बहिणीचं डोकं दोन्ही तळव्यांत घेतलं आणि वीतभर उचलून धरलं. लेकीने वारा मंद ठेवला, एकेक बट बोटांनी मुळाशी उचलून वाळवली. आधी मागचे केस. मावशीचे हात भरून आले, तरी तिने "झालं का" असं विचारलं नाही. हळूहळू केसांत हवा शिरली. टाळू झाकली गेली. गालांना पूर्वीचा आकार आला.

"भांग?" मावशीने विचारलं.

"या आठवड्यात उजवीकडे."

भिंगरीने जिंकल्यासारखं काही केलं नाही. तिने फक्त शेपटीचा कंगवा पुढे केला.

सगळं झालं तेव्हा अकराला दहा मिनिटं कमी होती. "मला जरा थांबू द्या," लेक म्हणाली. मावशीने भिंगरीच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघी बाहेर गेल्या.

कानाशी एक बट सुटली होती, ती लेकीने मागे घेतली. बोटं तिथेच राहिली. दाराबाहेर लोकांची पावलं वाजायला लागली होती. आता बोललं तर बोललं.

"आई," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला त्या खोलीत फार मोठा वाटला, पण तिने तो खाली आणला नाही. "मला कधीच घाई नसायची. मला यायचंच असायचं, दर शनिवारी. शुक्रवारपासून वाट बघायचे मी. तू भिंगरीकाकूंना नको सांगूस. तुझे केस मीच करत जाईन."