दोन बोटांचा खूर

नाल्याच्या ओल्या गाळात सकाळी एकूण सत्तावीस ठसे होते. सहा रानडुकरांचे, एक मोराचा, बाकीचे वीस चितळांचे. त्या विसांतले अकरा माद्यांचे आणि पाडसांचे, चार इतके पुसट की नराचे की मादीचे ते ठरवता येऊ नये, आणि पाच एकाच जड जनावराचे. जड अशासाठी, की ते इतरांपेक्षा खोल रुतले होते आणि पुढच्या खुरांची टोके एकमेकांपासून फाकली होती. पण हे पाचही ठसे उतारावर घसरलेले होते. घसरलेला ठसा खुरापेक्षा मोठा दिसतो, त्यामुळे तो मोजण्यात अर्थ नसतो.

बुधरामकाका बराच वेळ उकिडवे बसून पाहत राहिले. मग म्हणाले, "हाच होय. पण असा सांडलेला पाय नेला तर भुमका मले हाकलून देईल."

भुमका म्हणजे गावाचा पुजारी. हे गाव म्हणजे चिचगडच्या पुढे जंगलात असलेला एक टोला, लहानशी वस्ती. चितळांच्या खुणांचे सर्वेक्षण करायला मी इथे आले आणि बुधरामकाका आणि फुलवंताकाकूंच्या घरी राहू लागले. होळीनंतर इथे पारध निघायची. कुत्री, जाळी, भाले घेऊन सगळे पुरुष जायचे. पूर्ण वाढलेला नर पेनठाण्यावर, म्हणजे देवाच्या जागी, पोचल्याशिवाय गावात कोणी मोहाचे पहिले फूल वेचत नसे. काही वर्षांपूर्वी तिघांवर वनखात्याचा गुन्हा दाखल झाला आणि त्यांच्या कोर्टाच्या तारखा अजून संपलेल्या नाहीत. त्यानंतर काकांनीच तोड काढली. पारध काढायची, माग घ्यायचा, नर शोधायचा, पण आणायचा फक्त त्याच्या पुढच्या पायाचा ठसा, खालच्या मातीसकट.

गावाने हे मानले, पण एका अटीवर. ठसा पूर्ण वाढलेल्या नराचाच हवा. भुमका आपली दोन बोटे मधल्या पेराशी जुळवून ठशात आडवी ठेवतो. बोटे मावली तर नर, बाहेर आली तर पिल्लू. संधी एकच. ठसा नापास झाला तर त्याच दुपारी जुनी पारध. आजवर एकदाही नापास झाला नव्हता. ही अट पोरांनी घालून घेतली होती आणि या वर्षी पोरांच्या पुढे होता विक्की, काकांचाच मुलगा. त्याने तीन कुत्री सकाळपासून बांधून ठेवली होती. आज चुकलो तर चौथी तारीख आपल्याच घरात येईल, एवढेच काका वाटेत बोलले होते.

आम्ही नाल्यावरून वर चढलो. मनगटाएवढ्या जाडीच्या दोन रोपट्यांची साल शिंगांनी घासलेली होती. वरच्या रोपट्याचा चीक अजून बोटाला चिकटत होता. त्याच्या डोक्यावरची फांदी मोडलेली होती. चितळाचा नर मागच्या पायांवर उभा राहून उंच फांदीला शिंगे आणि तोंड घासतो, हे मी वाचले होते; मोडकी फांदी मात्र पहिल्यांदाच पाहत होते. एवढ्यावरून नर मोठा असावा, असे मी म्हणाले.

"कोवळा नरबी मस्ती करते," काका म्हणाले. "झाड पाहून नर माजावर आला का नाही ते कळते. वय पायाले विचारावं."

त्यांचे म्हणणे तपासण्यासारखे होते. साल घासणाऱ्या नरांची वये मी कधी मोजली नव्हती.

पुढे मोहाच्या झाडाखाली लेंड्या पडल्या होत्या, काळ्या, ओलसर, एकाच ढिगात. पहाटे पडलेली फुले खायला कळप येऊन गेला होता. झाडाच्या मागे कोणीतरी हंडा सांडल्यासारखी सपाट ओली जागा होती. तिच्यात पुढच्या उजव्या पायाचा एकच ठसा होता. कडा उभ्या होत्या आणि माती कुठेच सरकली नव्हती. मी कॅलिपर लावला. रुंदी छत्तीस पॉइंट चार मिलिमीटर. काकांनी खुरपीने भोवतीची माती चौकोनी कापली, पळसाच्या पानांवर उचलली आणि सुपात ठेवली. उचलल्यावर मी पुन्हा मोजले. फरक पडला नव्हता.

पेनठाण्यावर सगळे थांबले होते. शालीकराम दिवाळीनंतर भुमका झाला होता. आधीचे भुमके चैतरामआजोबा पायांनी अधू झाल्यावर ते काम त्याच्याकडे आले. एरवी तो गवंडीकाम करतो. त्याने हात धुतले, देवाचे नाव घेतले आणि दोन बोटे ठशावर आडवी ठेवली. दोन्ही बाजूंनी ती कडांवर आली. त्याने बोटे काढून पुन्हा ठेवली. पुन्हा तसेच.

विक्की उठून कुत्र्यांकडे गेला. काकांनी सूप खाली ठेवले आणि हात गुडघ्यांवर टेकवून बसून राहिले. शालीकरामचाही चेहरा उतरला होता. त्याला पारध नको होती, हे मला आदल्या दिवशीच त्याने सांगितले होते. पण देवापुढे खोटे कसे बोलू, असे तो दोनदा म्हणाला.

फुलवंताकाकूंनी वाकून ठशाकडे पाहिले, मग त्याच्या हाताकडे.

"बाप्पा," त्या म्हणाल्या, "बोटं होय का केळाची फणी?"

बायका हसल्या. शालीकरामने हात पाठीमागे नेला. मी हसले नाही, कारण मला तेव्हा पहिल्यांदा दिसले की इथे दोन शक्यता आहेत. या वर्षी नर लहान झाले असतील, किंवा माप मोठे झाले असेल. मी शालीकरामची परवानगी घेऊन त्याची दोन बोटे मोजली. चाळीस पॉइंट आठ. मग विचारले, आजवरचे सगळे ठसे कोणाच्या बोटांनी मोजले?

चैतरामच्या, असे चार-पाच जण एकदम म्हणाले.

विक्की कुत्र्याची दोरी हातात घेऊन परत आला. "तू काऊन मधात बोलून राहिली? बाबाच्या घरचा भात खाते ना तू. तू मोजशील तर बाबाच जिंकतील."

तो म्हणत होता ते बरोबर होते. मी कॅलिपर त्याच्या हातात दिला आणि कसा वाचायचा ते दाखवले. आकडा मोठा निघाला तरी तोच खरा धरायचा, असेही म्हणाले. शालीकरामने विचार करून निवाडा दिला. आजोबांची बोटे ठशापेक्षा, म्हणजे छत्तीस पॉइंट चारपेक्षा, कमी भरली तर ठसा पास, आणि तेवढ्या मापाचा बांबूचा तुकडा कायमचा पेनठाण्यावर ठेवायचा. जास्त भरली तर कुत्री सोडायची.

सगळे चैतरामआजोबांच्या अंगणात गेले. ते खाटेवर उन्हात पडून होते. काय चालले आहे ते त्यांनी दोनदा सांगायला लावले, मग उजवा हात पुढे केला आणि दोन बोटे जुळवली. विक्कीने दोरी शालीकरामकडे दिली, खाली बसून कॅलिपर मधल्या पेरांना लावला आणि आवळला.

"दाबू नको, पोरा," आजोबा म्हणाले. "मी ठशात कधी दाबत नव्हतो."

विक्कीने कॅलिपर सैल केला, नुसता टेकेल इतका लावला आणि आकडा वाचला.

चौतीस पॉइंट दोन मिलिमीटर.