लिफ्टच्या मते आत कोणीच नव्हतं

कंपनी लिफ्ट बनवायची आणि लिफ्ट चालवणारा प्रोग्रामही. त्या प्रोग्राममधून रोज चार हजारांवर वॉर्निंग निघायच्या. इथे काहीतरी संशयास्पद आहे, तिथे माहिती नीट लिहिलेली नाही, असल्या. पंधरा वर्षं कोणी ढुंकून पाहिलं नाही. मग साहेबांनी जिन्यापाशी मोठा स्क्रीन लावला, त्यावर तो आकडा लाल अक्षरांत झळकवला आणि जाहीर केलं, शुक्रवारपर्यंत जो शून्य करेल तो टीमचा प्रमुख.

टीममधला जावईबापू आधीच गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला. कडक इस्त्रीच्या शर्टांमुळे ऑफिसात त्याला हे नाव पडलं होतं. तो प्रमुख होणार असं बायकोने तर माहेरी सांगूनही टाकलं होतं. अडीच हजार वॉर्निंग त्याने एका सेटिंगने गप्पच केल्या. डोळ्यांवर कातडं ओढलं, दुसरं काय. राहिल्या माहितीच्या. 'दार उघडा' नावाच्या फंक्शनवर, म्हणजे प्रोग्रामच्या त्या तुकड्यावर, त्याने लिहिलं, 'दार उघडते.' 'दार बंद करा'वर लिहिलं, 'दार बंद करते.' जगाच्या ज्ञानात केवढी भर पडली म्हणायची.

वजनाच्या फंक्शनवर मात्र वीस ओळी होत्या. त्या आजोबांनी लिहिलेल्या. आजोबा म्हणजे कंपनीतले सगळ्यात जुने इंजिनिअर, बुधवारी रिटायर होणारे. माहिती एकाच ओळीत हवी असा नवा नियम, म्हणून तिथेही वॉर्निंग.

"पुसतोस? आधी वाचून तरी बघ," आजोबा म्हणाले.

"नंतर वाचतो, आजोबा. अजून सहाशे पडल्यात."

वीस ओळी पुसून त्याने लिहिलं, 'वजन सांगते.'

बुधवारी आजोबा घरी गेले. गुरुवारी मेकॅनिकने ऑफिसातल्याच लिफ्टला नवी केबिन बसवली. वजन नुसतं माणसांचं येतं की केबिन धरून, हे बघायला त्याने माहिती उघडली. 'वजन सांगते.' बिचाऱ्याने डोकं खाजवलं आणि केबिनचं वजन वजा करून टाकलं.

शुक्रवारी स्क्रीनवर शून्य. साहेबांना कुठला दम निघतोय, तीन डायरेक्टर बोलावले आणि नव्या केबिनमधून वर चला म्हणाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दार बंद झालं आणि लिफ्ट ढिम्म हलेना. बटण दाबावं की ते विझायचं. लिफ्ट रिकामी असली की आतली बटणं मानायची नाहीत असा नियमच होता, आणि लिफ्टच्या मते आत कोणीच नव्हतं. थोड्या वेळाने तिने दिवाही घालवला, वीज वाचवायला.

मेकॅनिक किल्लीने दार उघडायला धावला. जावईबापूने प्रोग्रामची जुनी प्रत शोधून आजोबांच्या ओळी काढल्या. पहिलीच ओळ होती, 'केबिनचं वजन इथे आधीच वजा केलंय. परत करू नका, नाहीतर माणसं आत असतील आणि लिफ्टला कळणार नाही.' खालच्या एकोणीसही तशाच, एकेका फजितीतून शिकलेल्या. त्याला स्वतःची लाज वाटली. वीसच्या वीस ओळी त्याने होत्या तशा परत ठेवल्या. स्क्रीनवर शून्याचा एक झाला.

साहेब घामाघूम होऊन बाहेर आले, पण नजर आधी स्क्रीनवर.

"हा एक कुठून आला? पूस."

"साहेब, आधी वाचून तरी बघा."

"नंतर वाचतो. आधी पूस, नाहीतर प्रमुखपद विसर." आणि साहेब वर गेले. जिन्याने.

तेवढ्यात बायकोचा फोन. "झालास ना रे प्रमुख? आई विचारतेय."

"नाही झालो," तो म्हणाला. मग फोन ठेवून त्याने मेकॅनिकला खुर्ची सरकवून दिली. "बस. वीस ओळी आहेत. सगळ्या वाच, मग लिफ्टला हात लाव."