बेचाळीस मेणबत्त्या

उन्हाळ्यात वेतुरियाच्या दुकानातल्या मेणबत्त्या म्हाताऱ्याच्या काठीसारख्या वाकायच्या. वाकडी मेणबत्ती थडग्यावर कोण लावणार? जास्त ठेवल्या तर माल वाया जातो, कमी ठेवल्या तर गिऱ्हाईक तोंड पाडून परत जातं, अशी ती शाळेच्या लेओन्तिन गुरुजींपाशी कुरकुरली. गुरुजींना तेवढंच हवं होतं. पोरांना खरंखुरं गणित मिळालं.

मुलांनी वर्षभर दर आठवड्याचा खप मांडला. आलेख मधोमध फुगलेला आणि दोन्हीकडे उतरत गेलेला आला, अगदी चर्चच्या घंटेसारखा. बहुतेक आठवडे तिसाच्या आसपासचे. फार कमी किंवा फार जास्त खपाचे मोजकेच. खप सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे सरकतो ते आधी काढायचं, असं गुरुजींनी शिकवलं. ते आलं सहा. त्याची दुप्पट सरासरीत मिळवली की बेचाळीस. दर सोमवारी शहरातून माल आला की एवढ्या ठेवायच्या, म्हणजे तुटवडा पडलाच तर वर्षातून जेमतेम एखाद्या आठवड्यात. शेवटची बेरीज वर्गातल्या इलिंकाने फळ्यावर केली. वेतुरियाने तिला मूठभर गोळ्या दिल्या.

तो एखादा आठवडा मार्चमध्ये आला. वरच्या आळीत दोन म्हातारी माणसं पाठोपाठ गेली आणि सगळं गाव मेणबत्त्यांना धावलं. शनिवारी खोका रिकामा. त्याच दुपारी इलिंकाच्या आजोबांना, पांतेलिमोनना, घरघर लागली.

आमच्याकडे माणूस जाताना त्याच्या हातात पेटती मेणबत्ती देतात. नाहीतर आत्मा अंधारात चाचपडत राहतो म्हणतात. वैऱ्यालासुद्धा मेणबत्तीविना मरण येऊ नये. इलिंकाच्या साविना आजींच्या कपाटाच्या खणात एक कायम असायची, पण त्या आठवड्यात त्यांनी ती शेजारच्या मयताला देऊन टाकली होती. दुकान आहेच की, असं वाटून. इलिंका दुकानात धावली, रिकामा खोका बघून परत फिरली, दारोदार विचारत गेली. एका घरात थोटूक मिळालं. ते घेऊन ती पोचली तेव्हा आजोबांचा हात गार पडला होता.

इलिंका शाळेत येईनाशी झाली. गुरुजींनी घरी बसून ते गणित पुन्हापुन्हा करून पाहिलं. दर वेळी उत्तर बरोबर यायचं, आणि तेच त्यांना टोचायचं. शेवटी ते तिच्या घरी गेले. ती चुलीपाशी मक्याचे दाणे सोलत होती.

"माझी बेरीज चुकली का, गुरुजी?"

"नाही, बाळा. बेरीज बरोबर होती. चूक माझी."

मग फळ्यापाशी सांगावं तसं त्यांनी हळूहळू सांगितलं. प्रत्येक जण आपापल्या कामाने, एकटाच दुकानात येतो असं हा आलेख धरून चालतो. पण गावात एक जण गेला की सगळी आळी एकदमच येते. ते आपल्या लक्षात यायला हवं होतं.

"आणि तुटवडा किती वेळा पडेल तेवढंच मी तुम्हाला विचारलं," ते म्हणाले. "पडेल तेव्हा दारात कोण उभं असेल, हे विचारलंच नाही."

"मी होते," इलिंका म्हणाली.

साविना आजींनी चुलीत लाकूड सरकवलं.

"तोंड पाडून मेण तयार होत नाही, गुरुजी. हातातली मेणबत्ती तर मीही देऊन बसले. ईस्टरच्या पहाटे या. अंधारात गेलेल्याचा उजेड दुसऱ्या कुणीतरी वाहायचा असतो. तुम्ही वाहा."

गुरुजी अशा गोष्टी मानत नसत. पण नाही म्हणायला त्यांची जीभ रेटली नाही.

ईस्टरच्या पहाटे चर्चपासून दफनभूमीपर्यंतच्या वाटेवर नदीकडून वारा सुटला होता. गुरुजी टोपीने ज्योत झाकत चालले होते. मेण बोटांवर ओघळत होतं, तरी त्यांनी हात बदलला नाही. शेजारी इलिंका आपली मेणबत्ती सांभाळत होती.

"विझली तर?" तिने विचारलं.

"तुझ्या मेणबत्तीवरून पेटवीन."

"माझीपण विझली तर?"

सवयीने गुरुजींच्या मनात आकडे जुळायला लागले. मग त्यांच्या ध्यानात आलं की वारा दोघांवर एकच आहे, विझल्या तर दोन्ही एकदमच विझतील. त्यांनी कोटाची बाजू उघडून तिला दाखवली. आतल्या खिशात मेणबत्त्यांचा जुडगा होता, आणि काड्यापेटी.

इलिंकाने त्या मोजल्या नाहीत. ती वाऱ्याच्या बाजूला आली आणि त्यांच्या ज्योतीला आडोसा धरून चालू लागली.